पिवळ्या पिशवीत सुई सापडते तेव्हा नेमकं कुठं चुकलेलं असतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. १०० खाटांच्या एका उपजिल्हा रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांना बायोमेडिकल वेस्टचं, म्हणजे उपचारांतून निघणाऱ्या कचऱ्याचं, नोडल ऑफिसर केलंय. त्यांनी वर्षभरात ३ ट्रेनिंग घेतली, प्रत्येक वॉर्डात रंगीत पोस्टर लावलं, चारही रंगांचे डबे आणले, तरी पिवळ्या पिशवीत सुया सापडतात, लाल डब्यात चहाचे कप पडतात, कचरा न्यायला येणारा गाडीवाला पिशव्या उचलायला नकार देतो आणि सफाईच्या मावशींना सुया टोचतात पण त्या कुणाला सांगत नाहीत. सुरुवात कुठून करू, असं त्यांनी विचारलंय.

डॉक्टर, मी स्टाफ नर्स म्हणून सरकारी नोकरीत लागले, मग इन्चार्ज झाले आणि शेवटची ११ वर्षं इन्फेक्शन कंट्रोलचंच काम केलं, त्यामुळे तुमची प्रत्येक ओळ ओळखीची वाटली. सुरुवात इंजेक्शनच्या ट्रॉलीपासून करा. कचरा साठवायच्या मागच्या शेडपासून नको, रजिस्टरपासून तर अजिबात नको. कचरा वेगळा होतो तो हातातून सुटतो त्या क्षणाला, आणि त्या क्षणाला योग्य डबा हाताच्या अंतरावर नसेल तर पुढे कितीही माणसं लावा तो परत वेगळा होत नाही, आणि करायला गेलात तर कुणाच्या तरी बोटात सुई जाते.

एकदा मी एका फिमेल मेडिकल वॉर्डात सकाळी ८ ते १० नुसती उभी राहिले, काही बोलायचं नाही, लिहायचं नाही, फक्त बघायचं असं ठरवून. ४० पेशंट, २ सिस्टर, १ ट्रॉली. हब कटर, म्हणजे वापरलेली सुई सिरिंजपासून कापायचं छोटं यंत्र, ट्रॉलीवर नव्हता, तो नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर होता, कारण ट्रॉली ढकलली की तो हलतो, पडतो, आणि तुटला तर नवीन मिळायला इंडेंट टाकून महिना जातो म्हणून इन्चार्ज सिस्टरांनी तो जपून ठेवलेला. शेवटच्या खाटेपासून त्या टेबलापर्यंत मी पावलं मोजली, ३२ भरली. आता सिस्टर इंजेक्शन देतेय आणि सिरिंज किडनी ट्रेमध्ये टाकतेय, त्याच ट्रेमध्ये कापसाचा बोळा, अँप्यूलचं, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुपीचं, मोडलेलं टोक, सिरिंजचं रॅपर, कॅन्युलाची (सलाइनसाठी शिरेत बसवायच्या नळीची) आतली सुई, ट्रे भरत आला आणि तेवढ्यात कॅज्युअल्टीतून धाप लागलेली एक आजी आली, सिस्टर तिकडे पळाली, ट्रे तसाच मावशींच्या हातात गेला आणि मावशींनी तो सगळ्यात जवळ असलेल्या डब्यात उपडा केला. सगळ्यात जवळचा डबा पिवळा होता.

यात निष्काळजी कोण होतं ते मला सांगा. त्या सिस्टरला विचारलं असतं तर तिने चारही रंग घडाघडा म्हणून दाखवले असते, ट्रेनिंगनंतरच्या परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मार्क होते. मावशींनी तर पेशंटजवळ घाण नको म्हणून ट्रे पटकन रिकामा केला. चूक त्या ३२ पावलांची होती.

मग आम्ही काय केलं, तर दवाखान्यात पंखे-खाटा दुरुस्त करायला येणारा वेल्डर होता त्याच्याकडून ट्रॉलीच्या एका बाजूला पत्र्याची छोटी फळी आणि हब कटर अडकवायला पट्टा करून घेतला, पांढरा शार्पचा, म्हणजे सुया-ब्लेडसारख्या टोचणाऱ्या वस्तूंचा, डबा त्याच्या शेजारी, दोन बाजूंना हूक लावून एका हुकाला लाल पिशवी, दुसऱ्याला पिवळी, आणि रॅपर-कागदासाठी एक साधी पिशवी खालच्या कप्प्यात. इंजेक्शन दिलं की तिथल्या तिथे सुई कापायची, सिरिंज लाल, बोळा पिवळ्यात, रॅपर साध्यात. कुठलंही लेक्चर दिलं नाही. दोन आठवड्यांत त्या वॉर्डाच्या पिवळ्या पिशवीत सुई दिसायची जवळजवळ बंद झाली. मग बाकीच्या ट्रॉल्या केल्या. वेल्डरचे पैसे रुग्ण कल्याण समितीतून मिळाले आणि त्यासाठी सिव्हिल सर्जनच्या केबिनबाहेर दोन वेळा बसावं लागलं, तेवढं मात्र तुम्हाला करावं लागेल.

एक गोष्ट इथेच सांगते, कॅन्युलाची आतली सुई हब कटरच्या भोकात नीट बसत नाही, तिला कापायच्या भानगडीत पडू नका, ती सरळ पांढऱ्या डब्यात टाकायची. इन्सुलिनची सिरिंज जिची सुई निघतच नाही ती अख्खी पांढऱ्यात. लॅन्सेट, ब्लेड, टाके घालायची सुई सगळं पांढऱ्यात. आणि वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, एका हातात टोपण आणि दुसऱ्या हातात सुई धरून ते लावताना किती सिस्टरांची अंगठ्याशेजारची बोटं टोचली गेलीत ते मी पाहिलंय.

आता रंगांबद्दल. पोस्टरवर लिहिलेलं असतं कशात काय टाकायचं, पण ते पुढे कुठं जातं हे कुठल्याच पोस्टरवर नसतं, आणि माझा अनुभव असा की ते एकदा समजलं की माणूस पाठांतर करत नाही, विचार करतो. पिवळं जळतं. लाल वाफेत शिजतं, मग त्याचे तुकडे होतात आणि ते प्लास्टिक रिसायकल होतं. पांढरं निर्जंतुक करून त्याचेही तुकडे होतात किंवा ते सिमेंटमध्ये गाडलं जातं. निळं म्हणजे काच, ती निर्जंतुक होऊन परत काच होते. बस, एवढंच डोक्यात ठेवा. मग प्रश्न पडला की सलाइनची रिकामी प्लास्टिकची बाटली आणि आयव्ही सेट कुठे, तर ते जाळायचं नाही, म्हणून लाल. ग्लोव्हज लाल. युरिन बॅग आधी रिकामी करायची आणि मग लाल. रक्ताने भरलेलं ड्रेसिंग, प्लास्टर, बाळंतपणात पडलेली वार, ऑपरेशनमध्ये काढलेला अवयव, रक्ताची पिशवी, एक्सपायर झालेली औषधं, रक्त लागलेली गादी, हे रिसायकल होऊच शकत नाही म्हणून पिवळं.

हे जाळणं म्हणजे काय असतं तेही मावशी-मामांना सांगा, त्यांना खूप रस असतो. नियमात बसणाऱ्या इन्सिनरेटरच्या, म्हणजे कचरा जाळायच्या भट्टीच्या, दुसऱ्या चेंबरमध्ये १०५० अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि धूर तिथे किमान २ सेकंद राहायला लागतो, तरच डायऑक्सिन आणि फ्युरान नावाचे विषारी पदार्थ कमी होतात. डायऑक्सिन तयार होतं ते मुख्यतः क्लोरीन असलेलं प्लास्टिक जळलं की, म्हणजे आपण पिवळ्या पिशवीत पीव्हीसीच्या नळ्या आणि सेट टाकतो तेव्हा, आणि म्हणूनच पिशव्या आणि ग्लोव्हजसुद्धा क्लोरीन नसलेल्या प्लास्टिकचे हवेत असं २०१६ च्या नियमांत आलं. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे लाल पिशवी वाफेत शिजवायच्या यंत्राचं, तसंच, १२१ अंशांना ६० मिनिटं, आणि आतला माल खरंच निर्जंतुक झाला का ते बघायला उष्णतेला दाद न देणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू आत ठेवून तपासतात. पिशवी गच्च भरली असेल तर वाफ मध्यापर्यंत पोचत नाही. पिशवी तीन चतुर्थांश भरली की बांधायची हा नियम बांधायला सोपं जावं म्हणून तर आहेच, पण वाफेसाठीसुद्धा आहे.

जुन्या स्टाफशी बोलताना एक लक्षात ठेवा. त्यांच्या डोक्यात १९९८ चे नियम आहेत, ज्यात कचऱ्याचे १० प्रकार होते आणि काळी पिशवीपण होती. २८ मार्च २०१६ ला नवे नियम आले, ४ रंग राहिले, निळ्याचा अर्थ बदलला. माझ्याबरोबरच्या कितीतरी सीनियर सिस्टर निवृत्त होईपर्यंत निळ्यात प्लास्टिक टाकत होत्या आणि त्यांना रागवून काही उपयोग नाही, १८ वर्षं हाताला लागलेली सवय आहे ती. त्यात भर म्हणजे शहरात नगरपालिकेचा सुक्या कचऱ्याचा डबापण निळाच असतो, त्यामुळे नातेवाईक निळा डबा दिसला की त्यात वेफर्सची पिशवी टाकतात. आम्ही काचेच्या डब्यावर मोठ्या अक्षरात फक्त ‘काच’ लिहिलं आणि एक फुटकी व्हायल आणि अँप्यूल चित्रात काढली, आणि डबा नातेवाईकांना दिसणार नाही असा आत ठेवला. हो, आणि तो डबा भक्कम हवा. २०१६ ला पुठ्ठ्याचा बॉक्स चालेल असं होतं, ओल्या व्हायल्सनी बुड गळायला लागलं, २०१८ च्या दुरुस्तीत सुई-काच आरपार जाणार नाही आणि गळणार नाही असा डबा हवा असं आलं. अजूनही खूप ठिकाणी पुठ्ठाच दिसतो.

याच जुन्या सवयीतली दुसरी म्हणजे हायपोची बादली. प्रत्येक वॉर्डात एक निळी किंवा हिरवी बादली, त्यात सकाळी केलेलं सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक, आणि त्यात सिरिंज, सेट, ग्लोव्हज सगळं भिजतंय. आता लाल पिशवीतलं प्लास्टिक जर कॉमन फॅसिलिटीच्या, म्हणजे अनेक दवाखान्यांच्या कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्राच्या, गाडीने जाणार असेल तर ते वॉर्डात भिजवायची गरज नाही, तिथे ऑटोक्लेव्ह होणारच आहे. उलट त्या बादलीत हात घालून सिरिंज बाहेर काढताना अपघात होतात, वासाने मावशींना खोकला होतो, आणि तेच पाणी शेवटी गटारात जातं. जागच्या जागी आधी निर्जंतुक करायचंच असं जे आहे ते लॅबचं, म्हणजे कल्चर प्लेट, मायक्रोबायोलॉजीचा कचरा, रक्ताचे नमुने, रक्ताच्या पिशव्या. ते लॅबमध्येच ऑटोक्लेव्ह करून किंवा निर्जंतुक करून मग बाहेर. बाकी बादल्या काढून टाका. काढताना विरोध होईल, ‘इतकी वर्षं करतोय’ म्हणतील, तेव्हा नियमाचं पान दाखवा, वाद घालू नका. जिथे हायपो लागतं, म्हणजे रक्त सांडलं किंवा लॅबचं काही, तिथे १ ते २ टक्के ताकदीचं लागतं आणि ते रोज ताजं करायचं, कारण उन्हात आणि उघड्यावर ते उतरत जातं. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी म्हणजे १ टक्का. हे गणित स्टोअरच्या दारावर लिहून ठेवा, मी अंदाजपंचे झाकणभर टाकताना खूप जणांना पाहिलंय.

लाल डब्यात चहाचे कप का पडतात? कारण नातेवाईकांना कप टाकायला दुसरी जागाच नाही. दवाखान्यातला सगळाच कचरा धोकादायक असतो असं लोकांना वाटतं, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे साधारण ८५ टक्के कचरा घरच्यासारखाच साधा असतो, १५ टक्क्यांच्या आसपासच धोक्याचा. मग आपण काय करतो, तर कॉरिडॉरमध्ये चकचकीत पिवळे-लाल डबे मांडतो, इन्स्पेक्शनला दिसावेत म्हणून, आणि साधा डबा ठेवतो जिन्याखाली. उलटं करा. रंगीत डबे फक्त जिथे स्टाफ काम करतो तिथे, म्हणजे ट्रॉली, ड्रेसिंग रूम, लेबर रूम, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, लॅब. पेशंट आणि नातेवाईक बसतात तिथे ओला आणि सुका असे दोनच साधे डबे, भरपूर, दर काही खाटांमागे. साधा कचरा एकदा पिवळ्या पिशवीत पडला की तोही रक्ताळलेला होतो, मग ८५ टक्क्यांचंही जाळायला जातं. तुमच्याकडे गाडीचं बिल खाटांवर आहे की किलोवर ते आधी बघा. किलोवर असेल तर चहाच्या कपाचे पैसे तुम्ही जाळायच्या दराने देताय, आणि खाटांवर असेल तर वजन कमी झालं तरी बिल कमी होत नाही म्हणून वरचे अधिकारी यात रस घेत नाहीत, मग त्यांना पटवायला दुसरा मुद्दा लागतो.

तो दुसरा मुद्दा म्हणजे माणसं, आणि यावर मला जास्त लिहायचंय.

आमच्याकडे एक मावशी होत्या, ठेकेदाराकडून आलेल्या, पन्नाशीच्या. रोज दुपारी दुसऱ्या मजल्यावरून पिशव्या खाली आणायच्या. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. दोन्ही हातात दोन पिवळ्या पिशव्या, जिना उतरताना एक पिशवी पायाला घासली आणि साडीतून पोटरीत काहीतरी टोचलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, साडी वर करून बघितली, रक्ताचा एक ठिपका, तो पदराने पुसला आणि परत पिशवी उचलली. मी योगायोगाने खालून वर येत होते म्हणून दिसलं, नाहीतर कुणालाच कळलं नसतं. मी म्हटलं, मावशी थांबा, ठेवा ते. तर त्या म्हणाल्या, ‘सिस्टर, कुणाला सांगू नका, मुकादम उद्यापासून येऊ नको म्हणेल.’ कॅज्युअल्टीत नेलं, तर हिपॅटायटिस बी च्या लशीचा एकही डोस त्यांना मिळालेला नव्हता, कारण लसीकरण झालं तेव्हा यादी कायम कर्मचाऱ्यांची केलेली होती. दोन वर्षं त्या रोज पिशव्या उचलत होत्या. पुढे त्यांच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, पण ते सहा महिने त्यांचे कसे गेले ते मी जवळून बघितलंय, त्या आपल्या नातवाला जवळ घ्यायच्या नाहीत.

संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका १००० मध्ये ३ च्या आसपास असतो, हिपॅटायटिस सी चा १०० मध्ये २ च्या आसपास, आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी चा १०० मध्ये ३० पर्यंत. सगळे एचआयव्हीला घाबरतात, आणि ज्याचा धोका सगळ्यात मोठा आहे त्याची लस आपल्याच फ्रीजमध्ये असते. २०१६ च्या नियमात अगदी स्पष्ट आहे की आरोग्य कर्मचारी आणि कचरा हाताळणारे इतर यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. ‘इतर’ मध्ये ठेक्यावरच्या मावशी आणि मामा आले. त्यामुळे तुमचं पहिलं कागदावरचं काम हे करा, ठेकेदाराकडून नावांची यादी मागवा, ती दर तीन महिन्यांनी परत मागवा कारण माणसं बदलतात, आणि तीन डोस पूर्ण करा, पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. पुढचा ठेका निघेल तेव्हा लस घेतलेलीच माणसं द्यायची, जाड ग्लोव्हज आणि गमबूट ठेकेदाराने द्यायचे, आणि सुई टोचल्याचं सांगितलं म्हणून कुणाला कामावरून काढायचं नाही, हे करारात घालून घ्या. शेवटची अट घालायला लेखा विभाग कुरकुरतो, तरी घालाच.

टोचल्यावर काय करायचं हे प्रत्येक वॉर्डात मराठीत, मोठ्या अक्षरात, मावशींच्या खोलीतपण लावलेलं हवं. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, हायपो किंवा स्पिरिट ओतायचं नाही. लगेच कॅज्युअल्टी. एचआयव्हीसाठी औषध सुरू करायचं असेल तर २ तासांत केलेलं सगळ्यात चांगलं आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही, कोर्स २८ दिवसांचा असतो. हिपॅटायटिस बी ची लस झाली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) आणि लस, शक्यतो २४ तासांत. रात्री दोन वाजता टोचलं तर पहिला डोस कुणाच्या कपाटात आहे आणि चावी कुणाकडे आहे, हे आज विचारून बघा. आमच्याकडे चावी फार्मसिस्टच्या घरी असायची, ती कॅज्युअल्टीच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये यायला एक अपघात व्हावा लागला.

आणि टोचल्याची नोंद शून्य असेल तर आनंद मानू नका. १०० खाटांच्या दवाखान्यात वर्षभरात एकाही माणसाला सुई टोचली नाही असं होत नाही, लोक सांगत नाहीत एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या कामामुळे पहिल्या वर्षी नोंदी वाढल्या तर ते बरोबर चाललंय. वरून विचारणा होईल की अपघात का वाढले, तेव्हा हे समजावून सांगायची तयारी ठेवा.

आता गाडीवाला. तो पिशव्या उचलत नाही कारण त्यात सुया असतात आणि त्याच्याकडची माणसंही टोचून घेतात, त्यामुळे तो त्रास देतो असं समजू नका, तो तुमचा सगळ्यात प्रामाणिक ऑडिटर आहे. कुठल्या वॉर्डाची पिशवी त्याने नाकारली ते लिहून घ्या आणि त्याच दिवशी त्या वॉर्डात जा. त्यासाठी प्रत्येक पिशवीवर वॉर्डाचं नाव आणि तारीख हवी, बारकोड तर लागतोच. पिशवी कधीही हात घालून तपासायची नाही, ती बांधायच्या आधी वरून बघा, फार तर मोठ्या ट्रेमध्ये जाड ग्लोव्हज आणि लांब चिमटा घेऊन. वजन आपल्या काट्यावर करायचं आणि मगच गाडीवाल्याच्या स्लिपवर सही. बऱ्याच ठिकाणी सही वॉचमन करतो आणि आकडा गाडीवालाच टाकतो, मग दर वर्षी ३० जूनच्या आत जो वार्षिक अहवाल प्रदूषण मंडळाला द्यायचा त्यात आपल्यालाच माहीत नसलेला आकडा जातो.

४८ तासांपेक्षा जास्त कचरा ठेवायचा नाही. गाडी आली नाही, पूर आला, बिल थकलं म्हणून त्यांनी बंद केली, काहीही कारण असो, तर कारण लिहून मंडळाला कळवायचं आणि फोनवर भागवायचं नाही. बिलं थकणं हे सरकारी दवाखान्यातलं रोजचं दुखणं आहे, अनुदान मार्चमध्ये येतं आणि कचरा रोज तयार होतो, त्यामुळे तुम्ही लेखा विभागात जाऊन या बिलाची फाइल कुठे आहे ते दर महिन्याला बघत जा, हे तुमच्या कामात लिहिलेलं नाही तरी. शेडला कुलूप हवं, आणि चावी एकाकडेच. हे मी कुत्री-मांजरं येतात म्हणून तर सांगतेच, पण २००९ मध्ये गुजरातमध्ये मोडासाला हिपॅटायटिस बी ची साथ आली होती आणि कितीतरी माणसं दगावली, तिथे वापरलेल्या सिरिंज परत वापरल्या जात होत्या आणि तपासात टाकाऊ सिरिंजचा धंदाच उघडकीला आला. धुतलेली सिरिंज नव्यासारखी दिसते. म्हणून सुईचा हब कापायचा, आयव्ही सेट कापून टाकायचा. लाल पिशव्यांना भंगारात भाव मिळतो हे तुमच्या आवारातल्या कुणाला तरी नक्की माहीत असतं, लाल पिशव्यांचं वजन एखाद्या महिन्यात अचानक उतरलं तर तिकडे लक्ष द्या.

पीएचसीवाल्यांनीही (प्राथमिक आरोग्य केंद्रांनी) हे वाचलं तर त्यांच्यासाठी थोडंसं. जिथे कॉमन फॅसिलिटीची गाडी पोचते तिथे स्वतःचा खड्डा किंवा भट्टी करायची नाही, ७५ किलोमीटरच्या आत फॅसिलिटी असेल तर रुग्णालयाने स्वतःची यंत्रणा उभारायची नाही असा नियम आहे. अगदी दुर्गम भागात, गाडी येऊच शकत नाही तिथेच खोल पुरण्याची परवानगी, तीही मंडळाला विचारून, खड्डा २ मीटर खोल, अर्धा भरला की चुना आणि मग माती, दर वेळी टाकल्यावर १० सेंटिमीटर मातीचा थर, आणि भूजल खड्ड्याच्या तळापासून किमान ६ मीटर खाली हवं. पावसाळ्यात विहिरीला पाणी कुठवर येतं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि मगच जागा ठरवा.

३० किंवा जास्त खाटा असतील तर बायोमेडिकल वेस्टची समिती लागते आणि तिने ६ महिन्यांतून एकदा तरी बसायचं. तुमच्याकडे ती कागदावर असेलच. तिच्यात एक मावशी किंवा मामा घ्या, खरंच घ्या, खुर्चीवर बसवा आणि पहिल्यांदा त्यांना बोलू द्या. आमच्या पहिल्या तशा मीटिंगमध्ये एका मामांनी सांगितलं की ओटीतून येणारी पिशवी नेहमी खाली गळते, कारण त्यात सक्शनचं, म्हणजे ऑपरेशनमध्ये ओढून घेतलेलं, पाणी तसंच असतं. आम्ही १०-१२ माणसं वर्षानुवर्षं त्या विषयावर बोलत होतो, फरशीवरचे डाग पुसायला सांगत होतो, आणि पाणी आधी ओतून निर्जंतुक करून मग ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेच्या, लाइनला सोडायचं हे कुणाला सुचलं नव्हतं.

कायाकल्पची, म्हणजे स्वच्छ सरकारी दवाखान्यांना बक्षीस देणाऱ्या योजनेची, टीम यायची असेल तर दवाखाना आठवडाभर झकास दिसतो, मार्कही मिळतात, त्यात मला वाईट वाटत नाही, बक्षिसाच्या पैशातून आम्ही दोन हातगाड्या आणि झाकणाचे डबे घेतले होते. पण टीम गेल्यावरच्या दुसऱ्या सोमवारी राउंड घ्या.

तर पहिल्या आठवड्यात ट्रेनिंग घेऊ नका. आधी मेट्रनना, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखांना, भेटा, त्यांना न विचारता वॉर्डात काही हलवलंत तर ते टिकणार नाही. मग सगळ्यात गर्दीचा वॉर्ड निवडा आणि सकाळच्या इंजेक्शनच्या वेळी दोन तास उभे राहा, हातात वही न घेता. हब कटर कुठे आहे आणि शेवटची खाट कुठे आहे ते बघा, पावलं मोजा. ट्रे भरल्यावर कुणाच्या हातात जातो तिच्यामागे चालत जा, डब्यापर्यंत, मग जिन्यापर्यंत, मग शेडपर्यंत, आणि तिथे तिला विचारा की मावशी, तुम्हाला कधी टोचलंय का. पहिल्या दिवशी ती नाही म्हणेल. चौथ्या-पाचव्या दिवशी सांगेल, तेव्हा लशीचं कार्ड तुमच्या खिशात असू द्या.